‘काढून टाका एकदाची’: स्वादुपिंडाचा पसरलेला कर्करोग आणि ठरवलेलं, न झालेलं, झालेलं ऑपरेशन

रुग्ण पुरुष, वय ५८. राहणार लालबाग, गाव कणकवलीच्या पुढे. तीस वर्षं छापखान्यात बाइंडिंगला होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, आजाराचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवलाय.

जुलैत, धो धो पावसात, ते माझ्या ओपीडीत आले. सोबत मुलगी आणि जावई. प्लास्टिकच्या पिशवीत फाइल, आणि फाइलमध्ये सगळ्यात वर आजाराचा रिपोर्ट नव्हता, एका खासगी रुग्णालयाचं साडेनऊ लाखांचं एस्टिमेट होतं. स्वादुपिंडाची गाठ आणि लिव्हरवरचे दोन डाग एकाच बैठकीत काढून देतो, असं तिथल्या सर्जननी सांगितलं होतं. पैशांसाठी गावची कलमांची बाग विकायची बोलणी सुरू झाली होती. मी एस्टिमेट बाजूला ठेवलं आणि मागची हकिकत विचारली.

हकिकत एका वर्षाची होती. आदल्या पावसाळ्यात अचानक शुगर निघाली. घरात कुणाला मधुमेह नाही, अंगावर चरबी नाही, तरी शुगर. मग वजन उतरू लागलं, ७१ वरून ६२. लोक म्हणाले शुगरमुळे असेल. पोटात वरच्या बाजूला दुखून कळ पाठीत जायची. ती आधी गॅसची ठरली, नंतर मणक्यातल्या गॅपची. जूनमध्ये डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, लघवी कोऱ्या चहासारखी, शौच पांढुरकं. शेजारणीने काविळीची माळ आणून दिली, ती आठ दिवस गळ्यात होती. पन्नाशीनंतर ध्यानीमनी नसताना निघालेला मधुमेह आणि सोबत घटणारं वजन दिसलं की स्वादुपिंडाची शंका घ्यावी, हे आम्ही डॉक्टर परीक्षेत लिहितो आणि ओपीडीत विसरतो.

सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसली. पहिल्या रुग्णालयात तोंडातून दुर्बीण घालून नलिकेत प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी नळी, बसवला गेला, कावीळ उतरू लागली. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याकडे ३.४ सेंटिमीटरची गाठ होती. लिव्हरमध्ये दोन डाग, एक १४ मिलिमीटरचा, दुसरा ९.

काका स्वतः फार बोलले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाले, “गाठ आसा ना? मग काढून टाका एकदाची.”

हे वाक्य चुकीचं का नाही, आणि पुरतं का नाही

मुंबईत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे असे कितीतरी रुग्ण आहेत ज्यांच्या लिव्हरमधले दोन-तीन डाग आम्ही काढतो. चांगल्या केंद्रांत अशा निवडक रुग्णांपैकी दहातले चार जण पाच वर्षांनंतरही हयात असतात. तिथे लिव्हर बऱ्याचदा गाळणीसारखं वागतं, पेशी काही काळ तिथेच अडकून राहतात. म्हणून डाग काढण्याला अर्थ असतो. जावयाने नेमकं हेच उदाहरण दिलं, त्याच्या ऑफिसातल्या कुणाचं तरी. “चौथी स्टेजच होती, डॉक्टर. आज कामावर येतो.”

स्वादुपिंडाचा नेहमीचा कर्करोग, अॅडिनोकार्सिनोमा, तसा वागत नाही. तो फार लवकर पेरला जातो. निदान होतं तेव्हा जवळपास निम्म्या रुग्णांत तो दुसरीकडे पोचलेला असतो, आणि मूळ गाठ सरळ काढता येईल अशी स्थिती पाचातल्या एकाचीच असते. ज्यांच्यात कुठेही काही पसरलेलं दिसत नाही आणि ज्यांचं ऑपरेशन उत्तम होतं, त्यांच्यातल्याही बहुतेकांना आजार पुन्हा गाठतो. म्हणजे स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशी आधीच बाहेर पडलेल्या असतात. लिव्हरमध्ये दोन डाग दिसले म्हणजे दोनच असतात, हे या आजारात क्वचितच खरं ठरतं.

दुसरी बाजू ऑपरेशनची. डोक्याकडची गाठ काढायची तर व्हिपल करावं लागतं. अमेरिकी सर्जन अॅलन व्हिपल यांनी १९३५ साली ते मांडलं, म्हणून ते नाव. स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम म्हणजे लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा, कधी जठराचा खालचा भाग, एवढं सगळं निघतं आणि मग तीन नवे जोड शिवायचे असतात. त्यातला स्वादुपिंडाचा जोड गळणं हे आमच्या झोपा उडवणारं प्रकरण. नियमित व्हिपल करणाऱ्या केंद्रांत मृत्यूचं प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आलंय, पण तीनातल्या एकाला तरी काही ना काही गुंतागुंत होतेच. सगळं सुरळीत झालं तरी केमो पुन्हा सुरू करायला सहा ते आठ आठवडे जातात. पसरलेल्या आजारात खरं काम केमोचं असतं, आणि हे आठवडे त्या आजाराला मोकळं रान मिळतं.

घरच्यांना मी हे असंच सांगितलं, फक्त ‘पेरला जातो’ ऐवजी ‘बी उडालेलं असतं’ म्हणालो. त्यांच्या पत्नीला, काकूंना, ते पटकन कळलं. “म्हणजे झाड तोडलं तरी,” एवढं बोलून त्या थांबल्या.

ट्यूमर बोर्ड, पहिल्यांदा

आमच्याकडे दर गुरुवारी सकाळी ट्यूमर बोर्ड, म्हणजे वेगवेगळ्या विभागांच्या डॉक्टरांची एकत्र बैठक, बसतं. रेडिओलॉजिस्टने पहिलाच प्रश्न विचारला: लिव्हरमधले डाग कर्करोगाचेच हे कशावरून? प्रश्न रास्त होता. स्टेंट घातलेल्या, पित्त तुंबलेल्या लिव्हरमध्ये बारीक पू-गाठी होऊ शकतात आणि त्या सीटीवर फसवतात. ज्या एस्टिमेटवर साडेनऊ लाख लिहिले होते, त्या फाइलमध्ये बायोप्सीच नव्हती. मोठ्या डागातून सुईने नमुना घेतला. अॅडिनोकार्सिनोमा. ही शंका फिटली नसती तर पुढचं सगळं बोलणं हवेत झालं असतं.

बायोप्सीतून आणखी एक गोष्ट पक्की झाली: ही न्यूरोएंडोक्राइन गाठ नव्हती. स्वादुपिंडातच होणारा तो वेगळा, बहुधा संथ आजार. स्टीव्ह जॉब्सना तो होता. त्यात लिव्हरमधले डाग काढण्याला चांगलं स्थान आहे. लोक दोन्हींना ‘पॅनक्रियाजचा कॅन्सर’ म्हणतात आणि एकाची गोष्ट दुसऱ्याला लावतात. काकांच्या चाळीत याच्या उलट चर्चा होती: पर्रीकरांसारख्या माणसाला अमेरिकेत नेलं, तरी वर्षभरात गेले, मग आपलं काय. मनोहर पर्रीकरांच्या आजाराने मराठी आणि कोकणी घरांत या कर्करोगाचं नाव पोचलं, २०१९ पासून ओपीडीत हे उदाहरण मी बरेचदा ऐकतो. नाव पोचलं ते भीतीसकट.

या कर्करोगाचा माग ठेवणाऱ्या सीए १९-९ या रक्ततपासणीचा आकडा पहिल्या रुग्णालयात २६०० होता. घाबरवणारा आकडा, पण तो भर काविळीत घेतलेला. पित्त तुंबलं की हा आकडा कर्करोगाशिवायही चढतो. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, उतरल्यावर पुन्हा केला तेव्हा ११५० आला. सामान्य मर्यादा ३७. आम्ही हा दुसरा आकडा पाया धरला.

बोर्डाचा निर्णय दहा मिनिटांत झाला: आत्ता व्हिपल नाही. आधी केमो. प्लास्टिकचा स्टेंट काढून धातूचा, कारण प्लास्टिकचा लवकर तुंबतो आणि केमोच्या मध्यावर ताप-थंडी घेऊन माणूस परत येतो. मधुमेहासाठी इन्सुलिन. जेवणासोबत स्वादुपिंडाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल. तेलकट, पाण्यावर तरंगणारं शौच थांबलं की वजन निम्म्याने तरी सावरतं. आनुवंशिक दोषासाठी बीआरसीए तपासणी, कारण तो दोष असेल तर औषधं बदलतात आणि मुलीलाही स्वतःचा विचार करावा लागतो. ती पुढे निर्दोष आली.

केमो म्हणजे फॉलफिरिनॉक्स, चार औषधांचा एकत्र डोस. २०११ साली फ्रान्समधल्या ३४२ रुग्णांच्या चाचणीत या औषधांनी पसरलेल्या आजारात मध्यक आयुष्य ६.८ महिन्यांवरून ११.१ महिन्यांवर नेलं. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याआधी गेले, निम्मे त्यानंतर. मुलीने आकडा विचारला म्हणून मी सांगितला. काकांनी विचारला नाही, त्यांना सांगितला नाही. मुलगी म्हणाली, “बाबांना नका सांगू.” मी म्हटलं, ते विचारेपर्यंत नाही सांगणार, विचारलं तर खोटं नाही बोलणार. ती यावर काही बोलली नाही.

जर्मनीत करतात

जावई अभ्यासू. पुढच्या भेटीत तो मोबाइलवर लेख घेऊन आला: जर्मनीत लिव्हरच्या डागांसकट ऑपरेशन करतात. खरं आहे. हायडेलबर्गच्या सर्जननी २०१७ साली त्यांचा अनुभव छापला, त्यात ८५ रुग्णांच्या लिव्हरमधले डाग मूळ गाठीबरोबर किंवा नंतर काढले होते. मध्यक आयुष्य सुमारे १२ महिने. थोडे रुग्ण पाच वर्षं जगले. जावयाचं लक्ष त्या पाच वर्षांवर होतं, माझं बारा महिन्यांवर. नुसत्या केमोने ११ मिळतात, आणि हे ८५ तर निवडून घेतलेले होते.

निवडीची गोष्ट सांगायला मी लोकलचा आधार घेतला. संध्याकाळी सहाला दादरला विरार फास्टमध्ये चढून दाखवणाऱ्या माणसांची तब्येत तपासली तर ती फलाटावर राहिलेल्यांपेक्षा चांगलीच निघेल. म्हणून विरार फास्टने तब्येत सुधारते असं होत नाही. केमोवर सहा महिने टिकले, डाग वाढले नाहीत, वजन राखलं, ऑपरेशन झेपलं, असेच रुग्ण त्या लेखांमध्ये असतात. ते ऑपरेशनशिवायही जास्त जगले असते का, हे तसल्या लेखांतून कळत नाही. त्यासाठी चाचण्याच लागतात. जर्मनीत होलिपँक आणि मेटापँक, चीनमध्ये सीएसपॅक-१ अशा चाचण्या याच प्रश्नासाठी हाती घेतल्या गेल्या. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: आधी केमो, आणि केमोला दाद देणाऱ्यांचाच ऑपरेशनसाठी विचार. सुरुवातीलाच सुरी उचलणं कुणीही मांडलेलं नाही.

जावई म्हणाला, “म्हणजे दार बंद नाहीये.”

नव्हतं. मी त्याला चार महिन्यांची मुदत सांगितली. आजाराला वेळ द्यायचा आणि तो काय करतो ते बघायचं. हे बोलायला सोपं आहे. घरी बसून वाट बघणाऱ्याला ते ‘काहीच करत नाहीत’ असं दिसतं, आणि बाग विकून का होईना पण आज ऑपरेशन करतो म्हणणारा डॉक्टर त्याला जास्त आपला वाटतो. यात मी त्या घरच्यांना दोष देत नाही. बोर्डाविना, बायोप्सीविना एस्टिमेट छापणाऱ्यांना मात्र देतो.

चार महिने, आणि आमची एक चूक

ऑगस्टपासून दर पंधरा दिवसांनी केमो, एकूण आठ. पाचवीनंतर हातापायांना मुंग्या आल्या म्हणून एका औषधाचा डोस कमी केला. गणपतीत गावी जाता आलं नाही. पाठदुखी पहिल्या दोन महिन्यांत निम्मी झाली. गाठ दाद देतेय याची पहिली खूण मला बहुतेक वेळा स्कॅनपेक्षा दुखण्यात दिसते.

सहावीनंतर उलट्या सुरू झाल्या. केमोच्या आहेत असं धरून आम्ही उलटीची औषधं वाढवत राहिलो, तीन आठवडे. मग एके दिवशी काकूंनी सहज सांगितलं की सकाळच्या उलटीत काल दुपारचा भात असतो, तसाच्या तसा. हे वाक्य आम्ही आधी विचारून काढायला हवं होतं. केमोची उलटी अशी नसते. पोटावर हात ठेवून हलवलं तर आत पाणी डुचमळल्याचा आवाज येत होता. एंडोस्कोपीत ड्युओडेनम बाहेरून दाबलं जाऊन अरुंद झालेलं दिसलं. अन्न जठरातून पुढेच सरकत नव्हतं.

डिसेंबरात पुन्हा सीटी. लिव्हरमधला लहान डाग गेला होता, मोठा १४ वरून ६ मिलिमीटरवर आला होता. मूळ गाठ २.६ सेंटिमीटर, मोठ्या रक्तवाहिन्यांपासून मोकळी. सीए १९-९ आता ८४. आणि जठर मात्र फुग्यासारखं.

दुसऱ्यांदा बोर्ड बसलं तेव्हा दहा मिनिटांत काही झालं नाही. केमोच्या डॉक्टर म्हणाल्या, औषध काम करतंय, आणखी दोन महिने द्या, उलट्यांसाठी ड्युओडेनममध्ये स्टेंट टाका. मी ऑपरेशनच्या बाजूने होतो. इतकी दाद, इतकं थोडं उरलेलं, माणूस चालता-फिरता. माझ्या मनात तो जावई होता हेही कबूल करतो. आपण ‘चार महिने’ म्हणालो होतो आणि ते झाले होते. शेवटी ठरलं ते असं: आधी पोटात दुर्बीण घालून नीट बघायचं. सीटीला न दिसणारे बारीक दाणे पोटाच्या अस्तरावर किंवा लिव्हरच्या पृष्ठभागावर असू शकतात. काही नसेल तर त्याच बैठकीत पोट उघडून व्हिपल आणि लिव्हरचा उरलेला डाग. असेल तर गाठीला हात लावायचा नाही, जठर लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडून द्यायचं आणि बाहेर यायचं.

ड्युओडेनमचा स्टेंट की जोडणी, यावरही थोडं बोललो. स्टेंटने दोन दिवसांत जेवता येतं, पण तो काही महिन्यांत तुंबू शकतो. जोडणीला सावरायला आठवडा लागतो, नंतर ती जास्त टिकते. नेदरलँड्समधली २०१० ची एक छोटी चाचणी सांगते की माणूस दोन महिन्यांहून जास्त जगेल असं वाटत असेल तर जोडणी बरी. आमच्या काकांना दोन महिन्यांपेक्षा नक्कीच जास्त होते.

संमतीपत्र

आदल्या संध्याकाळी वॉर्डात बसून मी दोन्ही शक्यता सांगितल्या. संमतीपत्रावर दोन ऑपरेशनं, दोन्हींपुढे सही. जावयाने पहिल्याबद्दल सात प्रश्न विचारले. काकांनी दुसऱ्याबद्दल एकच विचारला.

“ह्यां दुसरां केलास तर माका जेवूक गावतला मां?”

गावेल, म्हटलं. आधी पेज, मग हळूहळू सगळं.

“बांगडो?”

बांगडाही.

मग त्यांनी सही केली. काकू पदराआड हसत होत्या.

टेबलावर

बेंबीपाशी छोटं छिद्र करून कॅमेरा आत गेला. लिव्हरचा पृष्ठभाग स्वच्छ. मला बरं वाटलं. मग उजव्या बाजूला, छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या खालच्या अंगाला, राजगिऱ्याएवढे चार पांढरे दाणे दिसले. असे दाणे कधी कधी जुन्या व्रणाचेही असतात, म्हणून दोन काढून फ्रोजन सेक्शनला, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच होणाऱ्या झटपट तपासणीला, पाठवले. पॅथॉलॉजीतून फोन यायला पंचवीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात कुणी काही करत नाही, मॉनिटरचा आवाज तेवढा असतो. रिपोर्ट: अॅडिनोकार्सिनोमा.

लिव्हरमधले एक-दोन डाग यावर अजून वाद घालता येतो, पोटाच्या अस्तरावर आजार असताना व्हिपल करण्यावर येत नाही. मी हात धुऊन बाहेर गेलो, मुलीला आणि जावयाला ऑपरेशन थिएटरच्या दाराशी सांगितलं. जावई म्हणाला, “पण आत आलाच आहात तर...” हे वाक्य अपेक्षित होतं. मी म्हटलं, आत आलोच आहे, म्हणून जेवणाची वाट करून येतो.

दुर्बिणीतूनच जठर आणि जेजुनम, म्हणजे लहान आतड्याचा तो पुढचा भाग, स्टेपलरने जोडलं. सत्तर मिनिटं. पोटात द्रव साठलेला नव्हता आणि दाणे मोजकेच होते, म्हणून जोडणी निर्धास्तपणे करता आली. अस्तर दाण्यांनी भरलेलं असतं आणि आतडी जागोजागी चिकटलेली असती तर स्टेंटकडेच वळलो असतो.

नंतर

जठर सुस्त होतं, तिसऱ्या दिवशीही नाकातल्या नळीतून लिटरभर पाणी येत होतं. पाचव्या दिवशी नळी निघाली. सहाव्या दिवशी पेज. दहाव्या दिवशी घरी. डिस्चार्ज कार्डावर निवासी डॉक्टरने ‘व्हिपल रद्द’ असं लिहिलं होतं. ते खोडून मी झालेल्या ऑपरेशनचं नाव लिहायला लावलं. घरच्यांनी पुढे वर्षभर तो कागद प्रत्येक डॉक्टरला दाखवायचा असतो. त्यावर काय केलं ते हवं.

तीन आठवड्यांनी केमो पुन्हा सुरू झाली, या वेळी जेमसिटाबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल. व्हिपल झालं असतं तर त्या वेळी काका बहुधा अजून सावरतच असते. वजन ५७ वरून ६१ वर आलं. मार्चमध्ये पाठदुखी परतली, तेव्हा एंडोस्कोपिक सोनोग्राफीने जठरामागच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात अल्कोहोलचं इंजेक्शन दिलं आणि मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. जावयाला मॉर्फिनची धास्ती होती, सवय लागेल म्हणून. पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणाऱ्या विभागाच्या सिस्टरनी त्याला अर्धा तास बसवून समजावलं. माझ्याच्याने ते इतकं नीट झालं नसतं.

मे महिन्यात काका गावी गेले. बाग विकलेली नव्हती. जूनच्या स्कॅनमध्ये लिव्हरमध्ये नवे डाग आले. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, किती दिवस. मी म्हटलं, महिन्यांत मोजावे लागतील, फार महिने नाहीत. त्यांनी मान हलवली आणि गणपतीला गावीच राहणार असं मुलीला सांगितलं. केमो तिथे थांबवली.

सप्टेंबरात, विसर्जनानंतर आठ दिवसांनी, गावच्या घरी त्यांचा मृत्यू झाला. निदानापासून चौदा महिने, जोडणीपासून नऊ. शेवटचे तीन आठवडे सोडले तर तोंडाने जेवत होते. मुलगी फाइल परत द्यायला आली तेव्हा तिच्याशी बोलून ही नोंद पुरी केली. बांगड्याचं तिखलं त्यांनी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातच, मला न विचारता खाल्लं होतं, हे तिने त्या वेळी सांगितलं.